मूळ आले

"कापाड हाय," ग्यानबा मिस्त्री म्हणाला आणि संडासाच्या तुंबलेल्या नळातून बांबूच्या कामटीला अडकून आलेले ते काहीतरी त्याने झटकून राखेच्या ढिगावर फेकले.

परसात त्या वेळी घरातले जवळजवळ सगळेच होते. बदामाच्या झाडाखाली आरामखुर्चीत माझे सासरे बसले होते. त्यांना आम्ही सुना मामंजी म्हणत असू, बाकी सारे गाव आप्पा म्हणे. मागच्या दारात सासूबाई, आमच्या आत्याबाई, नाकाला पदर लावून उभ्या होत्या. धाकटी जाऊ मालन हौदातून बादल्या भरून मिस्त्रीजवळ नेऊन ठेवत होती. मी नुकतीच कचेरीतून आले होते. खांद्यावरची पर्सही उतरवली नव्हती.

"कसलं कापड?" मामंजींनी विचारले.

ग्यानबाने आधी चेंबरच्या कडेवर कामटी आपटून साफ केली. तो सावकाश बोलणारा, पण मोठ्या आवाजाचा माणूस होता. आमच्या कुंपणाबाहेरच्यांनाही ऐकू जावे असा आवाज.

"आता कसलं म्हणून सांगू आप्पा तुमाला? जुनेराचं. बायकामानसांचं. पोरीबाळींना जरा समजावून सांगा. नळ हाय ह्यो, उकिरडा न्हवं."

मामंजींनी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा काढला आणि ते घरात निघून गेले. मालनने हातातली बादली खाली ठेवली. ती इतकी हळू ठेवली की तिची कडी वाजली नाही.

मी राखेच्या ढिगाकडे पाहिले. तळहाताएवढा करडा लगदा. साबणाच्या बुळबुळीत थराने माखलेला, कडेने दोरे सुटलेला. मी तो दुरूनच पाहिला. वाकून उचलावा, असे माझ्या मनात आले नाही. पाण्याचा निचरा झाला होता, ग्यानबा हातपाय धूत होता आणि सगळ्यांनाच तिथून हलायचे होते.

तासगावाबाहेरच्या नव्या प्लॉटांत मामंजींनी निवृत्तीनंतर हे घर बांधले होते. मी पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता होते. तंत्रनिकेतनाच्या स्थापत्य शाखेत आमच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते आणि खात्याच्या त्या कचेरीतही एकटीच बाई. घरात माझ्या शिक्षणाचा सर्वांना अभिमान होता. नळाची तोटी गळू लागली तरी आत्याबाई शेजारणीला सांगत, "आमची सरोज बघंल की, ती इंजिनेर हाय." माझे पती साखर कारखान्यावर नोकरीला होते आणि आठवड्याच्या सुट्टीलाच घरी येत. धाकटे दीर प्रताप गावातच एस.टी.च्या डेपोत होते. त्यांचे लग्न त्याच उन्हाळ्यात झाले होते.

मालन जत तालुक्यातल्या एका कोरड्या गावची होती. वय जेमतेम एकोणीस. माहेरी संडास नव्हता, त्यामुळे लग्नानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीची साखळी कशी ओढायची ते मीच तिला दाखवले होते. पाणी धडाडून आले तशी ती दचकून मागे सरली आणि मग तोंडावर पदर धरून एवढी हसली की मलाही हसू आवरेना. "अक्का," ती म्हणाली होती, "आमच्याकडं प्यायला एवढं पानी न्हाई वो!" त्या दिवसापासून मी तिची अक्का झाले. घरात इतर कोणी मला त्या नावाने हाक मारत नसे.

संडास तुंबू लागला तो ती आल्यानंतर. आधी पाणी सावकाश उतरू लागले, मग न्हाणीच्या मोरीतून बुडबुडे येऊ लागले आणि श्रावणाच्या तोंडावर सारेच वर चढले. घरात तीन बायका. त्यांतल्या आत्याबाईंचे ते दिवस केव्हाच सरलेले. उरलो दोघी. मी त्या घरात बरीच वर्षे नांदत होते आणि एवढ्या वर्षांत नळ कधी तुंबला नव्हता. ही वजाबाकी आत्याबाईंना करायला पाटी-पेन्सिल लागली नाही. मलाही लागली नाही.

ग्यानबा गेल्यावर स्वयंपाकघरात आत्याबाईंनी मालनला समोर बसवले. मी भाजी निवडत होते.

"तू टाकलंस?"

"न्हाई आत्याबाई."

"मग काय उडून गेलं आत?"

मालन खाली पडलेले भाजीचे देठ वेचू लागली.

"खरं बोललीस तर कुणी मारणार न्हाई तुला. टाकलंस का न्हाई?"

"न्हाई टाकलं."

"परक्या गडीमाणसानं अंगणात उभं राहून ओरडून सांगितलं. तुझा सासरा उठून आत गेला. ह्यांच्यासमोर मला मान वर करायची सोय ठेवली न्हाईस तू." आत्याबाईंचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरे झाले असते. "आता पंचमीचं मूळ येईल. येऊ दे. तुझ्या भावाला सांगते मी, पोरीला चार गोष्टी शिकवून मग धाडायची असती म्हणून."

आमच्या भागात सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येतो त्याला मूळ म्हणतात. नागपंचमीला मालनला न्यायला तिचा थोरला भाऊ हिंदुराव येणार होता. बाप नव्हता. या भावानेच तिला वाढवले होते, तिच्या लग्नासाठी विहिरीचे काम पुढे ढकलले होते. मालन त्याच्यासमोर खाटेवर बसत नसे आणि त्याच्याविषयी बोलताना मात्र तिची जीभ थांबत नसे.

आत्याबाई उठून गेल्यावर तिने माझ्याकडे पाहिले.

"अक्का, खरंच सांगतील काय वो त्या? दादाला?"

"नाही सांगणार. रागात बोलल्या."

"दुसरं काय बी सांगू दे. चोरी केली म्हनून सांगू दे. पर ह्ये…" तिने वाक्य पुरे केले नाही. "त्यो काय करंल ऐकून? खाली मान घालून बसंल. मी बघितलं न्हाई त्याला कधी तसं बसलेलं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग मी, माझ्या दृष्टीने, अतिशय समजूतदारपणे वागले. तिला माझ्या खोलीत नेले, दार लोटले आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातून जुनी वर्तमानपत्रे काढली. घडी कागदात कशी गुंडाळायची, वर दोरा कसा बांधायचा, परसाच्या कोपऱ्यात पाचोळ्याबरोबर केव्हा जाळायची, हे सगळे तिला क्रमाने सांगितले. "झालं ते झालं," मी म्हणाले. "कुणी शिकवलंच नाही, तर माणसाला कळणार कसं? यात लाजण्यासारखं काही नाही."

मालन त्या कागदाकडे पाहत राहिली. "बरं," एवढेच म्हणाली. कागद तिने नेले नाहीत. ती ते विसरली असेल, असे मला वाटले.

तीन दिवस नळ वाहिला. चौथ्या दिवशी सकाळी मामंजी संडासातून बाहेर आले ते लेंग्याची टोके वर धरून. पाणी उंबऱ्यापर्यंत आले होते. सारी कारकीर्द कचेरीत हेडक्लार्क म्हणून टापटिपीत काढलेला तो माणूस तांब्या घेऊन मागच्या दाराने ओढ्याकडे चालू लागला. शेजारचे निवृत्त मास्तर कुंपणावरून म्हणाले, "काय आप्पा, आज सकाळची हवा खायला?" मामंजींनी मान हलवली. आत्याबाई हे सगळे खिडकीतून पाहत होत्या.

"पुन्हा टाकलं," त्या म्हणाल्या.

प्रताप भावजी डेपोत जायला निघाले होते. त्यांनी बूट तसेच पायात ठेवून मालनला हाक मारली. ती हातात घमेले घेऊन दारात आली.

"अगं, एकदा सांगून कळत नाही का तुला? गावात तोंड दाखवायचंय मला. डेपोत ग्यानबाचा भाऊ आहे. काल मला विचारत होता, घरचा नळ निघाला का म्हणून. हसत विचारत होता."

"मी न्हाई टाकलं."

"मग कुणी? मी टाकलं?"

"मला म्हाईत न्हाई."

"आज येतोय ना भाऊ तुझा पंचमीला न्यायला?" आत्याबाई मध्येच म्हणाल्या. "त्याच्यासमोरच विचारते आता. त्याच्यासमोर तरी खरं बोलशील."

मालनच्या हातातले घमेले कलंडले. त्यात भिजवलेली राख होती. ती काठावरून थोडी सांडली.

"तिला काही विचारू नका," मी म्हणाले. "ते माझं होतं."

ओढ्यावरून परत आलेले मामंजी मागच्या दारात थांबले. त्यांच्या कानावर ते गेले होते हे त्यांच्या मानेवरून कळत होते.

"तुझं?" आत्याबाई म्हणाल्या.

"हो. त्या दिवशी साइटवर जायची घाई होती. जीप दारात उभी होती. दुसरं काही सुचलं नाही."

"आणि आज?"

"आजही तेच अडकलेलं असेल. सगळं निघालं नसेल."

खोटे बोलण्याची मला सवय नव्हती, पण ते सरळ आणि तपशिलासकट बाहेर पडले. प्रताप भावजींनी खाली पाहिले आणि ते सायकल घेऊन निघून गेले. आत्याबाई माझ्याकडे अशा पाहत होत्या, की जणू मी त्यांच्या ओळखीची कोणी नव्हते. "एवढी शिकली-सवरलेली," त्या शेवटी पुटपुटल्या, "आणि पोरीला बोलणी खाऊ दिलीस चार दिवस." एवढे बोलून त्या देवघरात गेल्या. त्यानंतर दुपारपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

माझे कान तापले होते. मामंजींच्या समोर, दिराच्या समोर, अशा गोष्टीबद्दल "माझं होतं" म्हणणे त्या काळी त्या घरात काय होते, हे आज कोणाला सांगून कळायचे नाही. पण त्या तापण्याच्या आत कुठेतरी मला बरेही वाटत होते. मी काही सोसले आहे, एका पोरक्या मुलीची लाज राखली आहे, असे ते बरे वाटणे होते. मालन माझ्याकडे कृतज्ञतेने पाहील म्हणून मी दाराकडे वळले. दारात कोणी नव्हते. राख सांडलेली होती तेवढीच.

मी रजेचा अर्ज शिपायाबरोबर पाठवून दिला आणि ग्यानबाला बोलावणे धाडले. या वेळी कामटीवर भागवायचे नाही, चेंबरपासून संडासापर्यंतचा नळ उघडायचा, असे मी ठरवले. नुसते ठरवले नाही, जमिनीवर चुन्याची रेघ मारून दिली. माझ्या खोटेपणाचा पुरावा त्या नळातच कुजत असेल, तर तो कोणाच्याही नजरेस पडण्याआधी निघून जावा, अशी घाई मला होती. मालनच्या भावाला खणलेले अंगण दिसले तरी चालेल, कापड दिसू नये.

ग्यानबा कुदळ-फावडे घेऊन आला. "बाईसाहेब, तुमी सांगाल तसं," तो म्हणाला, पण त्याच्या मिशीत हसू होते. गावात बातमी पोचायला सकाळ पुरली होती. "म्हंजे निघालं तर खरं कुनाचं ते."

"खणा तुम्ही," मी म्हणाले.

चरी बदामाच्या झाडाच्या बुंध्याजवळून जात होती. ते झाड मामंजींचे लाडके. घराचा पाया भरत असताना त्यांनी ते रोप आणून लावले होते आणि आता त्याचे मजल्या-मजल्याने वाढलेले फाटे परसभर सावली धरत. मामंजी आज खुर्ची सोडून ओसरीवर बसले होते. आत्याबाई मागच्या दारात होत्या. मालनची ट्रंक आवरून झाली होती. ती हौदाच्या काठाशी, कामाचे काही नसताना, उभी होती.

भाजलेल्या मातीचा, काचेसारखी चकाकी असलेला तो नळ उघडा पडला. ग्यानबाने वरची माती हाताने बाजूला केली आणि थांबला. दोन नळांच्या सांध्याजवळचे सिमेंट तडकलेले होते. त्या तड्यातून बोटभर जाडीचे एक तपकिरी मूळ आत शिरले होते. जिथे शिरले तिथे ते चपटे झाले होते, दाराच्या फटीतून आत सरकणाऱ्या माणसासारखे.

"हाण तिच्या," ग्यानबा हळूच म्हणाला. इतक्या हळू बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकले.

त्याने सांध्यावर छिन्नी मारली. नळाचा तुकडा सुटून बाजूला झाला आणि आतले सगळे एकदम दिसले. नळाच्या पोटात मुळांची एक जाड वेणी वाढलेली होती. केसासारखी बारीक हजारो मुळे एकमेकांत गुंतून, साबण आणि घाण धरून, नळाचाच गोल आकार घेऊन बसली होती. ग्यानबाने दोन्ही हातांनी धरून ती ओढली. ती येत राहिली, येत राहिली. शेवटी पुरुषभर लांबीची वेणी चरीच्या काठावर पडली. तिच्या मागोमाग अडलेले पाणी हुंकार दिल्यासारखा आवाज करून वाहू लागले.

वेणीचे पुढचे टोक तुटलेले होते. करडे, दोरे सुटलेले.

मी ते टोक पाहिले आणि राखेच्या ढिगाकडे गेले. आमच्या तंत्रनिकेतनात साहित्याच्या चाचण्या शिकवायला कुंभोजकर नावाचे सर होते. प्रयोगशाळेत कोणी दुरून बघून "सर, हा मुरूम" किंवा "सर, ही काळी माती" असे म्हटले, की ते म्हणत, "नमुना हातात घेतल्याशिवाय त्याला नाव ठेवू नका." आम्ही त्यावर हसायचो, कारण नाव ठेवणे या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि सरांना दोन्ही अभिप्रेत आहेत, असे आम्हाला वाटे. त्या ढिगावर चार दिवसांपूर्वीचा तो लगदा वाळून पडला होता. मी तो उचलला. हौदाशी नेऊन बादलीत बुडवला आणि बोटांनी चोळला. साबणाचा थर सुटला, तसे त्याचे दोरे पाण्यात अलगद उलगडले. पांढरी, बारीक, जिवंत दिसणारी मुळे. त्यात सुताचा एक धागाही नव्हता.

मालन माझ्या शेजारीच उभी होती. तिने बादलीत वाकून पाहिले.

"मूळ हाय आप्पा!" मागून ग्यानबा पुन्हा आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडला. "कापाड न्हवं, मूळ! तुमच्या बदामाचं मूळ! आलंय बगा मूळ!"

"आलंय, आलंय," फाटकातून कोणीतरी हसत म्हणाले. "रामराम मंडळी. मूळ आलंय खरं, पर एवढं वरडून काय सांगताय गावाला?"

पांढरा फेटा, खांद्याला पिशवी, धुळीने माखलेल्या वहाणा. हिंदुराव फाटक लोटून आत आला होता. आपल्या येण्याचीच हाकाटी चालली आहे, असे त्याला वाटले होते. ग्यानबा हातातली मुळांची वेणी तशीच धरून खो-खो हसू लागला. हिंदुरावही कारण न कळता हसला. आमच्यातले दुसरे कोणी हसले नाही.

मामंजी ओसरीवरून उठले. त्यांनी एकदा झाडाकडे वर पाहिले, एकदा चरीकडे खाली पाहिले. मग पुढे होऊन हिंदुरावाचा हात हातात घेतला. "या पाव्हणं," ते म्हणाले. "चुकून पाय ठेवाल, जरा बाजूनं या." आणि स्वतः वाट दाखवत त्याला पुढच्या दाराने घरात नेले.

आत्याबाई माझ्यासमोर आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

"म्हणजे ते तुझं बी न्हवतं?"

मी मान हलवली.

"मग कशाला गं म्हणालीस? एवढ्या गडीमाणसांत?" आणि मग त्यांचे त्यांनाच उमगले. त्यांनी माझे हात धरले. बादलीतल्या पाण्याने ओले झालेले हात त्यांनी तसेच आपल्या कपाळाला लावले. "धाकटीसाठी. बघ गं मालन, बघ. सख्खी बहीण करणार न्हाई एवढं तुझ्या जावेनं केलं. मीच मेली आंधळी. पाया पड तिच्या."

"पडते की," मालन म्हणाली. "आधी दादाला पानी देते."

पुढे तासभर घरात कौतुकच चालले होते. आत्याबाईंनी ते मामंजींना सांगितले. जेवायला घरी आलेल्या प्रताप भावजींना सांगितले. भावजी माझ्याकडे पाहून "वहिनी, तुमचं मन मोठं," असे काहीतरी म्हणाले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मालनला, माझ्या कानावर येणार नाही अशा आवाजात, बहुधा माफी मागण्यासारखे काहीतरी बोलले. हिंदुरावाला यातले काहीच कळू दिले नाही. त्याच्यापुढे पुरणाची दिंडे वाढली, पाऊसपाणी विचारले. त्याची मान ताठ होती. ती राखली गेली होती आणि ती मी राखली, असे सगळ्यांचे मत झाले होते.

मालन तिच्या खोलीत ट्रंकेला कुलूप लावत होती. मी आत गेले. बोलण्यासारखे माझ्याकडे काय होते कोण जाणे, पण मी तिथे आभार ऐकायला गेले नव्हते, एवढे खरे. नसावे गेले.

"मालन, राग आला का तुला?"

"कशाचा?"

"मी तुला वाचवायला म्हणून बोलले."

"म्हाईत हाय."

तिने कुलूप ओढून पाहिले. पुन्हा एकदा ओढून पाहिले.

"आत्याबाईंनी मला इचारलं," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, कुलपाशी बोलल्यासारखी. "दोनदा इचारलं. मी न्हाई म्हनले. त्यांनी मानलं न्हाई, ती गोष्ट येगळी. ह्यांनी बी इचारलं, वरडून का असंना. तुमी इचारलंच न्हाई."

"मला वाटलं…"

"तुमी कागुद दिला."

बाहेर ग्यानबा नवा सांधा बसवत होता. त्याच्या थापीचा आवाज येत होता.

"मला वाटायचं," मालन म्हणाली, "सगळ्यांनी खोटं म्हनू दे. अक्काला म्हाईत असंल."

ती ट्रंक उचलू लागली. मी दुसऱ्या बाजूची कडी धरायला हात पुढे केला, पण तोवर तिने ती डोक्यावर घेतली होती. पाणी वाहून वाढलेल्या पोरीची मान होती ती.

निघताना मामंजी फाटकापर्यंत आले. चरीवर फळी टाकली होती. हिंदुराव त्या फळीपाशी थांबला आणि काठावर पडलेल्या मुळांच्या ढिगाकडे पाहू लागला.

"काय गं मालू, कसलं ह्ये?"

"झाडाची मुळं गेलती नळात. तुंबला हुता."

"मग एवढं खनायचं? आधी कळलं न्हाई कुनाला?" आणि माझ्याकडे वळून, हसत, पाहुण्याने करावी तशी थट्टा करत तो म्हणाला, "घरात इंजिनेरबाई असून?"

मी तोंड उघडले. काय बोलणार होते मला ठाऊक नाही. मालन माझ्या आधी बोलली.

"त्या दिवसभर कामावर असतात, दादा. त्यांना कोन दाखवनार? आमालाच दाखवायचं सुचलं न्हाई."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो शोधला, अजूनही कधी कधी शोधते. तिने ते सरळ, तपशिलासकट सांगितले, आणि हिंदुरावाने मान डोलावली. कोणाची लाज राखायची तर ती कशी, हे तिने फळीवर उभे राहून, डोक्यावर ट्रंक घेऊन, दोन-तीन वाक्यांत दाखवून दिले.

मग तिने ट्रंक भावाकडे दिली. आत्याबाईंच्या पाया पडली, मामंजींच्या पाया पडली. माझ्यासमोर आली तेव्हा मी तिला वाकू न देता खांद्यांना धरायला गेले, पण ती वाकलीच. रीतीने, तीनदा. उठून तिने पदर सारखा केला.

"येते, जाऊबाई," ती म्हणाली.

पंचमी करून ती परत आली. पुढे त्या घरात आम्ही दोघींनी संसार केले. तिची बाळंतपणे मी केली, माझ्या आजारपणात तिने माझी वेणी घातली. आत्याबाई जाईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ती गोष्ट कौतुकाने सांगत राहिल्या, आणि ती सांगितली जात असताना मालन शांतपणे चहाचे कप गोळा करी. बदाम मामंजींनी त्याच आठवड्यात तोडून टाकला. जागा उघडी, उन्हाची झाली.

आज आम्ही दोघीही म्हाताऱ्या आहोत. सकाळी तीच मला हाक मारून उठवते. मी जागी असते, पण हाक पुरी होईपर्यंत डोळे मिटून पडून राहते.

"जाऊबाई," ती म्हणते, "उठा. पानी तापलंय."